वाफशापासून तव्यापर्यंत

जानेवारीतल्या एखाद्या सकाळी मंगळवेढ्याच्या शिवारात उतरलं, की नजर आधी पायाखाली जाते. काळं रान तडकलेलं असतं. भेगा अशा, की मनगटापर्यंत हात आत जावा. शेवटचा मोठा पाऊस होऊन तीन महिने उलटलेले. आसपास पाट नाही, कॅनॉल नाही. आणि त्याच भेगाळलेल्या रानात डोक्याएवढी ज्वारी हिरवीगार उभी, कणसात दाणा भरत आलेला. नवख्या माणसाला शंका यावी, रात्री कोणी गुपचूप पाणी देतं की काय.

पाणी दिलेलं असतं, पण चार महिने आधी आणि तेही जमिनीला. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जून-जुलैचा भरवसा नसतो. खरा आधार सप्टेंबरचा. म्हणून इथल्या भारी जमिनीत खरिपाला काही पेरायचं नाही, कुळवाच्या पाळ्या घालून रान मोकळं ठेवायचं आणि पडेल तो पाऊस जिरू द्यायचा, ही जुनी रीत. मीटरभर खोलीची काळी जमीन पिकाला वापरता येईल असं दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी पोटात धरते. उत्तरा-हस्ताचा पाऊस झाला, वर ऊन पडलं, चिखल नाही आणि कोरडही नाही अशी जमीन झाली, म्हणजेच वाफसा आला, की तिफण धरायची. पुढे स्वातीत पडला तर मोती पिकतात म्हणतात. नाही पडला तरी ज्वारी आपली मुळं दीड मीटरपर्यंत खाली सोडते आणि त्या साठवलेल्या ओलीवर चार महिने काढते.

बदलत्या हवामानात तगून राहील अशी अन्नव्यवस्था कशी उभी करायची, यावर सध्या जगभर खल चालू आहे. दख्खनच्या या पट्ट्यात तशी एक व्यवस्था पिढ्यान् पिढ्या उभी होती. ती पुष्कळशी मोडली, आणि गंमत अशी, की ती उन्हानं किंवा अवर्षणानं मोडली नाही. शेतात ज्वारी टिकली. ती हरली ती रेशनच्या दुकानात, मजुरीच्या हिशेबात आणि तव्यावर.

आधी शेतातली गोष्ट. ज्वारी मूळची आफ्रिकेची, सुदानच्या बाजूची. तिथल्या उन्हानं तिला जे शिकवलं ते तिच्या ताटावर हात फिरवला तरी कळतं. बोटांना पांढरी भुकटी लागते. तो मेणाचा थर. पानाआडचं पाणी तो उडू देत नाही. ऊन वाढलं की पानं आतल्या बाजूला वळतात आणि उन्हाला कमी अंग दाखवतात. फुलोऱ्याआधी ताण पडला तर पीक वाढ आवरून वाट पाहत राहतं आणि ओल मिळाली की पुन्हा चालू होतं. मक्याला हे इतकं जमत नाही. शिवाय हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडण्याची ज्वारीची पद्धत गहू-तांदळापेक्षा काटकसरीची आहे. गहू पानांची छिद्रं जितकी उघडी ठेवतो तितकी तिला ठेवावी लागत नाहीत, त्यामुळे पाणी कमी जातं. शास्त्रज्ञ या गटाला ‘सी-4’ वनस्पती म्हणतात. ऊसही याच गटातला, हे जाता जाता सांगायला हवं. फरक इतकाच, की ज्वारी चार महिन्यांत आटोपते आणि ऊस बारा महिने पाणी पीत उभा राहतो.

पण पीक कितीही काटक असलं तरी एकट्यानं तगत नाही. भेगा वाढल्या की त्यांतून खालची ओल उडून जाते. त्यावर कोळपणी हा उपाय. ज्वारीच्या ओळींतून कोळपं चालवलं, की वरची माती भुसभुशीत होते, भेगा बुजतात, तणही निघतं. ‘एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी’ असं शेतकरी म्हणतात आणि त्यात अतिशयोक्ती फारशी नाही. याशिवाय ज्वारीत करडईचे तास घालायचे, बांधाच्या कडेनं तर हमखास. करडईचं सोटमूळ आणखी खोल जातं, तिचे काटे गुरांना अडवतात, आणि ज्वारी बसली तरी तेलापुरतं काहीतरी हाती लागतं.

सरकारी संशोधनही इथं नव्यानं आलेलं नाही. सोलापुरात कोरडवाहू शेतीवरचं संशोधन 1933 पासून चालू आहे. त्याच दशकात मोहोळच्या केंद्रावर स्थानिक ज्वारीतून निवड करून ‘मालदांडी 35-1’ हा वाण काढला गेला. आज नव्वद वर्षांच्या घरात आलेला हा वाण अजून पेरला जातो; दाणा टपोरा आणि मोत्यासारखा चमकदार, भाकरी गोड, कडबा गुरांना आवडणारा. एखादा वाण एवढी वर्षं टिकणं शेतीच्या जगात दुर्मीळच. मधल्या काळात राहुरी आणि परभणीच्या कृषी विद्यापीठांनी जमिनीच्या खोलीप्रमाणे वाण दिले. हलक्या जमिनीला ‘फुले अनुराधा’ किंवा ‘फुले माउली’, मध्यम जमिनीला ‘फुले सुचित्रा’, भारी जमिनीला ‘फुले वसुधा’. एकाच गावात माळाचं रान आणि ओढ्याकाठचं रान यांना एकच बी चालत नाही, हे शेतकऱ्याला ठाऊकच होतं. विद्यापीठांनी त्या ठाऊक असण्याला नावं आणि पिशव्या दिल्या.

आता हवामानानं डाव बदलला आहे, आणि इथं ज्वारीचं कौतुक थोडं आवरतं घ्यायला हवं. 2014 मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात गारपीट झाली, तेव्हा काढणीला आलेली ज्वारी जमिनीवर झोपली आणि दाणे काळे पडले. अवर्षण सोसणाऱ्या पिकाला गारांचं काय? 2023 चा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ऑक्टोबरअखेर राज्य सरकारनं 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात सांगोला आणि करमाळाही होते. दोनच वर्षांनी, 2025 च्या सप्टेंबरअखेरीस, सीना नदी अशी फुगली की माढा, मोहोळ, करमाळ्यातल्या काठच्या गावांत लोकांना घरं सोडावी लागली आणि रानातली माती खरवडून गेली. ज्या मातीत ओल साठवायची ती मातीच वाहून गेल्यावर वाफसा कशाचा बघायचा?

दाणा भरताना ओल संपली तर खडखड्या रोग येतो. बुरशी खोडाचा खालचा भाग पोखरते आणि उभं पीक वाऱ्याच्या झुळकेनं आडवं होतं. पेरणी लवकर केली तर खोडमाशी, उशिरा केली तर ओल कमी. पाऊस लांबला की शेतकरी या दोहोंच्या कात्रीत सापडतो. आणि ताणात वाढलेलं कोवळं पीक किंवा कापणीनंतर फुटलेले धुमारे गुरांनी खाल्ले तर त्यांना किराळ लागते. त्या पोंग्यांत सायनाइडचं विष तयार होतं आणि जनावर बघता बघता दगावतं.

म्हणून नुसतं ‘जुनं ते सोनं’ म्हणून भागणार नाही. जुन्यातलं काय कुठं कामी येतं ते शोधावं लागतं. इथिओपियातल्या एका ज्वारीत असा गुण सापडला, की फुलोऱ्यानंतर पाण्याचा ताण पडला तरी तिची पानं दाणा भरेपर्यंत हिरवी राहतात आणि खोड कमजोर पडत नाही. हैदराबादजवळच्या पाटणचेरू इथल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेनं हा गुण भारतीय वाणांत उतरवण्यावर बरीच वर्षं काम केलं आहे. तिथल्या शीतगृहात ज्वारीचे सुमारे 40 हजार नमुने जपून ठेवले आहेत. पुराच्या बाजूचं उदाहरण भाताचं. ओडिशातल्या एका गावठी भातात आठ-पंधरा दिवस पाण्याखाली दम धरण्याची ताकद होती. वाढायची धडपड न करता रोप निपचित पडून राहतं आणि पाणी ओसरलं की वाढीला लागतं. त्यामागचं जनुक 2006 मध्ये शास्त्रज्ञांनी नेमकं दाखवून दिलं, ते ‘स्वर्णा’ या लोकप्रिय भातात घातलं, आणि 2009 मध्ये ‘स्वर्णा सब-1’ भारतात शेतकऱ्यांच्या हाती आला. दोन्ही गोष्टींत मूळ बी कुणा अनाम शेतकऱ्यानं, भाव मिळत नसतानाही, पेरत ठेवलं होतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाण्यांची बँक उभी केली आणि 2020 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याचं महत्त्व याच हिशेबानं मोजायला हवं. शीतगृहातलं बी झोपलेलं असतं. दरवर्षी पेरलं जाणारं बी त्या त्या वर्षाच्या हवेतून तावून-सुलाखून निघतं.

एवढं सगळं असूनही 1970 च्या सुमारास देशात दीड कोटी हेक्टरपेक्षा जास्त असलेलं ज्वारीचं क्षेत्र आता 40 लाख हेक्टरच्या आसपास आलं आहे. का?

एक धागा 1972 च्या दुष्काळापर्यंत जातो. त्या पिढीच्या माणसांना ‘मिलो’ हा शब्द अजून आठवतो. अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, तिकडे मुख्यतः जनावरांना घालायची, रेशनवर मिळायची. तिची तांबूस, कडवट भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी यांवर लोकांनी दिवस काढले. ज्वारीच्या मुलखात ज्वारी जहाजानं आली! त्या दुष्काळातून महाराष्ट्राला रोजगार हमी मिळाली, आणि ती मोठीच गोष्ट होती. पण पुढच्या दशकांत रेशनचं दुकान म्हणजे गहू आणि तांदूळ, हेच समीकरण पक्कं झालं. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ 3 रुपये, गहू 2 रुपये आणि भरडधान्य 1 रुपया किलो असे दर लिहिले होते; जानेवारी 2023 पासून धान्य मोफतच झालं. भरडधान्याचा तो एक रुपया महाराष्ट्रात बहुतेक कागदावरच राहिला. ज्वारी रेशनवर आलीच तर कधीमधी. घरात फुकट गहू येत असताना शेतात राबून पिकवलेली ज्वारी खायची, हा हिशेब गरीब घरात बसणार कसा?

गव्हावर टेकून राहण्यातला धोका 2022 मध्ये दिसला. मार्चमध्येच उष्णतेची लाट आली, पंजाब-हरियाणात दाणा बारीक पडला, आणि 13 मे रोजी सरकारला गव्हाची निर्यात थांबवावी लागली.

दुसरा धागा मजुरीचा. ज्वारी काढायची म्हणजे ताट मुळासकट उपटायचं. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात वाकून, हातांना फोड आणत. मग पेंढ्या बांधायच्या, कणसं मोडायची, मळणी करायची. ही कामं बहुतेक बायांनी केलेली असतात आणि आता त्या कामाला माणसं मिळत नाहीत. मालदांडी उंच वाढते, वाऱ्यात लोळते, त्यामुळे यंत्राचंही तिच्याशी जमत नाही. बुटकी ज्वारी यंत्राला सोपी, पण तिचा कडबा आखूड. मळणीचं यंत्र गावोगाव पोचलं, काढणीचं खऱ्या अर्थानं अजून पोचायचं आहे. तिकडे उजनी धरणाचं पाणी आलं, जिल्ह्यात साखर कारखाने राज्यात सर्वांत जास्त झाले, उसाला ठरलेला भाव आणि तोडणीची टोळी दारात. कोरडवाहू रब्बी ज्वारी हेक्टरी दहा क्विंटलच्या आतबाहेर. पाणी मिळालेल्या शेतकऱ्यानं ऊस लावला, यात त्याची चूक काढण्यात अर्थ नाही.

तिसरा धागा पिठाचा, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. ज्वारीत गव्हासारखा चिवट ग्लुटेन नसतो. भाकरी जमते ती गरम पाणी, तळहाताचा जोर आणि ताजं पीठ यांवर. दाण्याच्या अंकुरात तेल असतं. दळल्यावर ते हवेला उघडं पडतं आणि पीठ लवकर कडवट होतं. जुनं झालेलं पीठ विरी जातं, मग भाकरी थापताना कडा फाटतात आणि उचलताना ती हातात मोडते. गव्हाचा आटा पाकिटात बसून महिनोन् महिने दुकानात राहू शकतो, ज्वारीचा नाही. शहरातल्या घरात आठवड्याला दळण आणायची सवय गेली, तशी भाकरीही ताटातून उतरली आणि हॉटेलच्या ‘स्पेशल थाळी’त जाऊन बसली.

या सगळ्यात आणखी एक गोष्ट हरवली, ती म्हणजे साठवण. मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात, आणि या गावाची सर्वांत प्रसिद्ध कथा कोठाराचीच आहे. बेदरच्या बादशहाचे अधिकारी दामाजीपंत यांनी दुष्काळात सरकारी धान्याची कोठारं लोकांना उघडून दिली. बादशहाचा कोप झाला तेव्हा विठ्ठलानं विठू महाराचं रूप घेऊन धान्याचे पैसे भरले. कीर्तनात भर असतो तो शेवटच्या चमत्कारावर. पण त्याआधीचा तपशील कमी मोलाचा नाही: पीक बुडालं त्या वर्षीही कोठारात धान्य होतं.

ते राहायचं कसं? या भागात पेव असत. जमिनीत खोल खणलेला, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद असा खड्डा; तळाला आणि कडांना कडब्याचा किंवा काडाचा थर, मध्ये ज्वारी, वर झाकण आणि मातीनं लिंपण. आत कोंडलेला प्राणवायू धान्याच्या आणि किड्यांच्या श्वसनात संपतो, कार्बन डायऑक्साइड साचतो, किडे मरतात. औषध नाही, वीज नाही. म्हणूनच पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, आधी दिवा सोडून बघायचं, हा शिरस्ता; तो मोडल्यामुळे पेवात गुदमरून माणसं गेली आहेत. आज बाजारात मिळणाऱ्या हवाबंद प्लॅस्टिकच्या धान्यपिशव्या नेमक्या याच तत्त्वावर चालतात. वाड्यांच्या भिंतीतली बळदं आणि घरातल्या कणग्या हीसुद्धा त्याच विचाराची छोटी रूपं. एका सालचं पीक दोन सालं पुरवायचं, हा तो विचार.

आणि साठवण फक्त दाण्याची नव्हती. कडब्याची गंज ही कुटुंबाची दुसरी ठेव. ज्वारी कमी पिकली तरी कडबा मिळतो, आणि टंचाईत त्याला असा भाव येतो की दाण्यापेक्षा ताटाचे पैसे जास्त व्हावेत. सांगोला-मंगळवेढ्याच्या माळावरची खिलार जनावरं या कडब्यावर पोसली गेली. ज्वारी कमी झाली तशा गंजी कमी झाल्या, आणि 2012-13 किंवा 2018-19 सारखं वर्ष आलं की गुरं चारा छावणीत जाऊ लागली. तिथं पुढ्यात काय पडतं? बहुतेक वेळा ऊस. ज्या पिकानं पाणी नेलं तेच दुष्काळात गुरांच्या तोंडी, सरकारच्या खर्चानं. असा हा फेरा.

मग दुरुस्ती कुठून करायची? 2023 हे भारताच्या पुढाकारानं संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं; भाषणं झाली, बिस्किटं निघाली. त्यापेक्षा शेजारच्या कर्नाटकाचा धडा जास्त कामाचा. तिथं रेशनवर दक्षिणेकडे नाचणी आणि उत्तरेकडे ज्वारी देण्याचा प्रयत्न झाला, त्यासाठी सरकारनं शेतकऱ्याकडून खरेदी केली. खरेदी कमी-जास्त होते, सगळीकडे पुरत नाही, पण दिशा बरोबर आहे: जिथलं पीक तिथल्या ताटात. दिल्लीहून जाहीर होणाऱ्या हमीभावांत ज्वारीच्या दोन ओळी असतात, ‘संकरित’ आणि ‘मालदांडी’. 2025-26 साठी त्या 3,699 आणि 3,749 रुपये क्विंटल अशा होत्या. पन्नास रुपयांचा फरक! नाव वेगळं लिहिल्याचं समाधान तेवढं मिळालं. 2016 मध्ये मंगळवेढा ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा भाव मात्र बाजारालाच द्यावा लागेल, आणि बाजार तो देतोही कधी कधी. डिसेंबर-जानेवारीत हुरड्याच्या निमित्तानं पुण्या-मुंबईची माणसं रानात येतात. गुळभेंडीसारख्या खास हुरड्याच्या ज्वारीचे तास त्यामुळे पुन्हा पेरले जाऊ लागले आहेत. शेकोटीच्या आरावर भाजलेली कणसं तळहातावर चोळून निघणाऱ्या त्या दाण्यांना धान्याच्या कितीतरी पट दाम मिळतो.

पिठाच्या अडचणीवरचं उत्तर तर सोलापूरनं केव्हाच शोधलं होतं. कडक भाकरी. भाकरी पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि मग निखाऱ्यांच्या धगीवर किंवा उन्हात सावकाश वाळवायची. पापडासारखी कुरकुरीत होते आणि कोरडी राहिली तर महिनोन् महिने टिकते. पूर्वी ती प्रवासाला आणि जत्रेला बांधून न्यायची वस्तू होती. आता सोलापुरात बचत गटांच्या बाया पहाटेपासून थापायला बसतात. परातीत पीठ, शेजारी गरम पाण्याचं पातेलं, थापताना दोन्ही तळहातांचा एकसारखा ठेका. दुपारपर्यंत शेजारी भाकऱ्यांच्या चळती उभ्या राहतात. त्या पिशव्यांत भरून, शेंगाचटणीच्या पुडीसह, पुण्याच्या दुकानांत आणि पुढे परदेशातल्या मराठी घरांपर्यंतही जातात. पाकिटात पीठ टिकत नव्हतं, भाकरी टिकली. या बायांना ज्वारी लागते ती मालदांडीच, कारण दुसऱ्या पिठाची भाकरी एवढी पातळ थापली की कडा फाटतात. म्हणून काढणीच्या दिवसांत त्यांची माणसं मंगळवेढ्याच्या अडतीवर जाऊन पोती उघडून बघतात, दाणा दाताखाली फोडतात, आणि वर्षभराचा माल एकदम भरून ठेवतात.